वहीत नुसती चित्रंच का?

चुलीवर काही ठेवलं असेल तर ते बघत बघत ऐका, मी काही परीक्षा घेणार नाही.

दसऱ्याच्या आधी आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, रजिस्टर मिटलं आणि उठायच्या वेळी एकीनं पिशवीतून लेकीची वही काढून माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, "बाई, तुमची सगळी नोकरी शाळेत गेली म्हणून विचारते. जूनपासून लेकरू पहिलीत जातंय. वहीत काय आहे ते तुम्हीच बघा." मी बघितलं. आडव्या-तिरप्या रेघा, गोल, एक झाड, पानाचा ठसा, तुरीचे दाणे चिकटवून केलेला मासा. मधे कुठं कुठं म, क, ल अशी अक्षरं. "शाळेत काय केलं विचारलं तर म्हणते खेळलो, गाणं म्हटलं, खडे मोजले. खडे मोजायला शाळा कशाला लागते? ते तर आमच्या बांधावर पण होतं."

तिला गटातून कर्ज हवं होतं. लेकीचं नाव काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचं होतं. फी वेगळी, गाडीचं भाडं वेगळं, बूट-टाय वेगळे. सगळं मिळून कापूस वेचणीच्या पुऱ्या हंगामाची मजुरी.

त्या दिवशी मी तिला एका वाक्यात उत्तर देऊ शकले नाही, म्हणून आज हे भाषण. वही कोरी असण्याची दोन कारणं असतात. एक तर लेकराचं शिकणं अजून हातात, कानात, तोंडात चाललेलं असतं, कागदावर यायचं असतं. नाहीतर मग त्याला खरंच कुणी काही शिकवत नसतं. दोन्ही ठिकाणी वही सारखीच दिसते. यातलं आपल्या घरात कुठलं आहे, हे आईला ओळखता आलं पाहिजे. आणि ते ओळखायला आईला स्वतःला लिहिता-वाचता यायलाच हवं असं नाही.

आधी त्या खड्यांचं बघू. तुमच्यापैकी जी गटाची खजिनदार आहे तिला मी विचारते, दहाच्या नोटा कशा मोजता? दहा नोटा झाल्या की एक गठ्ठा आणि शंभर, बरोबर? मग गठ्ठे वेगळे, सुट्ट्या नोटा वेगळ्या. पहिलीतलं लेकरू काड्यांशी हेच करतं. दहा काड्या झाल्या की दोरा बांधायचा, तो एक दशक, उरलेल्या सुट्ट्या काड्या एकक. तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या म्हणजे चौतीस. हे हातानं शंभर वेळा केलेलं लेकरू पुढं हातच्याची बेरीज आली की अडत नाही, कारण हातचा म्हणजे दहा सुट्ट्या देऊन घेतलेला गठ्ठाच असतो. आणि ज्याला एक ते शंभर नुसतं घडाघडा म्हणता येतं त्याला विचारा, "सत्तेचाळीसमधे दहा-दहाचे गठ्ठे किती?" पुष्कळ वेळा ते गप्प बसतं. ते अंक गाण्यासारखे म्हणत असतं.

आकड्यांचं निघालंच आहे तर माझी एक चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा होता. मी म्हटलं 'पंचवीस' की तो लिहायचा ५२. 'त्रेचाळीस' म्हटलं की ३४. मी त्याला दहा-दहा वेळा लिहायला लावलं. एकदा पाठीत धपाटाही घातला. आईला बोलावून सांगितलं, लक्ष नाही ह्याचं. त्याचं लक्ष नव्हतं असं मुळीच नाही. उलट वर्गात सगळ्यात नीट तोच ऐकत होता. मराठीत आपण पंचवीस म्हणतो तेव्हा आधी पाच येतात आणि मग वीस. ऐकलं तसं त्यानं लिहिलं, आधी पाच, मग दोन. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच असं लिहायचं असतं. बोलणं एका बाजूनं आणि लिहिणं दुसऱ्या बाजूनं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आपल्या शेजारच्या कानडीत बघा, पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस मग पाच. तिथल्या लेकराला हा घोळ पडत नाही.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला 'वीस पाच' असंही वाचायला दिलं, तेव्हा किती थट्टा झाली ते आठवत असेल. टीव्हीवर, विधानसभेत, व्हॉट्सअ‍ॅपवर. डॉक्टर मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की जोडाक्षरं असलेले हे शब्द लहान मुलांना जड जातात, म्हणून सोपी वाट दिली आहे. लोकांना वाटलं मराठीच बुडाली. मी तेव्हा मनात म्हटलं, ही वाट मला वीस वर्षं आधी सुचली असती तर त्या पोराला धपाटा बसला नसता.

एकोणतीसची गोष्ट तर आणखी अवघड. कानावर 'तीस' पडतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. लेकरू ३९ लिहून मोकळं होतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे गठ्ठ्यांनी दाखवलं तरच समजतं. आणि एवढं करून ते एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी शिकलं की शेवटी नव्व्याण्णव येतं आणि नियमच मोडतो. एका पोरीनं मला 'एकोणशंभर' असं सांगितलं होतं. तुमचं लेकरू असं म्हणालं तर हसा, पण चुकलीस म्हणू नका. तिनं नियम अगदी बरोबर पकडलेला असतो.

आता वाचणं. आपण शाळेत गेलो तेव्हा अ आ इ ई पासून ज्ञ पर्यंत सगळी मुळाक्षरं पाठ झाल्याशिवाय शब्द नव्हता. आता अक्षरं गटागटानं येतात. म, क, ल, र आणि एक काना एवढंच आलं तरी लेकरू काका, मामा, लाल, मला, कर, कमाल असं वाचायला लागतं. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच त्याला कळतं की या खुणांतून आपल्याच घरातले शब्द निघतात. क ख ग घ ङ याच क्रमानं गेलं असतं तर त्या ङ चं त्यानं काय केलं असतं? म्हणून वहीत पाच-सातच अक्षरं दिसली तर लगेच घाबरू नका. त्या अक्षरांचे शब्द होतात का ते बघा.

त्याच्याही आधी कान तयार व्हावा लागतो. भाकरी म्हणताना तीन टाळ्या, भा-क-री. 'का' नं सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधा, कात्री, कांदा, काठी. तुम्ही उखाणा घेताना शेवटी यमक जुळवता ना? 'शब्दाच्या शेवटी सारखा आवाज आला' हे ओळखणं म्हणजे वाचनाचा पाया. लेक घरी येऊन 'गाणीच म्हटली' म्हणते तेव्हा हे काम चाललेलं असतं. आणि रेघा-गोल म्हणजे बोटांची तालीम. मणी ओवणं, माती मळणं, ठसे काढणं याच तालमीत येतं. भाकरी थापायला बसलात की पिठाचा एक गोळा तिच्याही हातात द्या, पेन्सिल धरायचं बळ तिथून येतं.

एक जागा मात्र अशी आहे की तिथं बरीच लेकरं अडतात. पहिली वेलांटी. 'पिशवी' लिहिताना वेलांटी 'प'च्या आधी काढायची आणि म्हणताना आवाज 'प'च्या नंतर. काना पुढं, मात्रा वर, उकार खाली आणि ही एक वेलांटी मागं. हे साधारण दिवाळीनंतर येतं. त्या दिवसांत लेकरू शाळेला गेलं नाही तर दुसरीत, तिसरीत गेलं तरी अडखळत राहतं, आणि का अडखळतंय ते कुणाला कळत नाही.

दिवाळीनंतर आपल्या भागात काय होतं ते मी सांगायला नको. कोयता निघतो. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस शाळा असते, त्यातले शंभरच्या आसपास दिवस उसाच्या फडावर जातात. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय विचारा, लेकरू गावातच राहून जेवणाची सोय होऊ शकते. न्यावंच लागलं तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि कारखान्याच्या गावच्या शाळेत ते दाखवून लेकराला बसवा. आणि पुस्तक बरोबर न्या. कोपीत राहिलं तरी चालेल, पण ट्रंकेत ठेवू नका, बाहेर ठेवा.

आता 'परिसर अभ्यास' नावाचं पुस्तक पहिली-दुसरीला वेगळं नसतं, ते तिसरीपासून येतं. म्हणून काही आया म्हणतात, विज्ञान नाही, इतिहास नाही, काहीच नाही. पण मी वर्गात 'बाजार' घ्यायचे तेव्हा बघा काय व्हायचं. आमच्या गावचा बाजार बुधवारी. गुरुवारी सकाळी मुलं गोलात बसून सांगायची, कोण कुणाबरोबर गेलं, काय आणलं. ही भाषा झाली. मग पानं, खडे, चिंचोके यांची दुकानं मांडायची, पालेभाजी एकीकडं, फळभाजी एकीकडं. हे वर्गीकरण, गणितातही लागतं आणि विज्ञानातही. कुठली भाजी जमिनीखाली येते यावरून भांडणं व्हायची, एकदा बटाटा मूळ आहे की नाही यावर अख्खा तास गेला. पाच रुपयांची जुडी, दहाची नोट, परत किती? 'ताई, थोडं कमी करा की' असं कुणाशी कसं बोलायचं, हेही त्यातच. शेवटी चित्र आणि चित्राखाली एक शब्द. घरी आईला वहीत फक्त चित्र आणि 'मेथी' एवढं दिसायचं. सकाळपासून दुपारपर्यंतचं सगळं त्या एका शब्दामागं असायचं.

ही काही आजची नवी टूम नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलांसाठी महागडी साधनं कुठून आणणार? शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या हीच त्यांची साधनं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तिचं नावच कुरणशाळा. आज आपण अंगणवाडी म्हणतो त्या शब्दाच्या मागंही यांचंच काम आहे.

इंग्रजीचं म्हणाल तर २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. पहिलीत ते बहुतेक ऐकायचं आणि बोलायचं असतं. उठ, बस, उडी मार, दार दाखव, गाणी. घरात जी भाषा कुणी बोलत नाही ती आधी कानानं शिकावी लागते, मग डोळ्यानं. आधी मराठीत वाचायची रीत हाताशी आली की तीच रीत इंग्रजीला कामाला येते. तांड्यावरच्या लेकरांना तर घरी गोरमाटी, शाळेत मराठी आणि वर इंग्रजी. त्यांना मी घरचा शब्द आधी विचारायचे, मग मराठी शब्द द्यायचे. बाईंनी घरच्या बोलीला हसू नये, एवढं तुम्ही शाळेत जाऊन हक्कानं सांगू शकता.

आता मुख्य गोष्ट, ओळखायचं कसं.

लेकराला पुस्तक वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त बोट बघा. माझ्या शेजारची एक मुलगी अख्खा धडा सुरेख 'वाचायची'. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर असायचं आणि तोंड पाचव्या ओळीवर. धडा पाठ होता. तेव्हा मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हे काय? चित्रावर तळहात ठेवा. मग पुस्तक सोडा आणि घरात येतो तो कागद द्या, बिस्किटाचा पुडा, लग्नाची पत्रिका, खताची पिशवी, एसटीची पाटी. कधी न पाहिलेला सोपा शब्द जोडून जोडून, अडखळत का होईना, वाचला तर ते वाचन. वाचून झालं की विचारा, कोण आलं होतं, कशाला आलं होतं? सांगता आलं नाही तर नुसता आवाज काढलाय.

गणितासाठी तेरा चिंचोके घ्या. त्याला मोजू द्या. त्यातले काही वाटीखाली झाका, बाहेर आठ राहू द्या. वाटीखाली किती? पहिलीच्या शेवटाला हे बोटांवर का होईना यायला हवं. दुसरीतल्याला वीस रुपये देऊन बारा रुपयांची वस्तू आणायला पाठवा आणि परत किती येणार ते जायच्या आधी विचारा.

सरकारनंही हे ठरवून दिलेलं आहे. ५ जुलै २०२१ ला केंद्रानं निपुण भारत नावाचं अभियान सुरू केलं. त्यात इयत्तेप्रमाणे सांगितलंय. पहिली संपताना न पाहिलेलं, चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंत अंक, सोपी बेरीज-वजाबाकी. दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द, समजून, आणि ९९९ पर्यंत अंक. तिसरीला मिनिटाला निदान ६० शब्द, ९९९९ पर्यंत अंक आणि सोपे गुणाकार. मला ते मिनिटाचं घड्याळ फारसं आवडत नाही, भित्रं लेकरू घड्याळ दिसलं की बंदच पडतं. पण शाळेत बोलायला जाताना हे आकडे तोंडी असू द्या.

आणि बोलायला जाच. प्रगतिपुस्तकात अ, ब अशी श्रेणी दिसते, तिचा अर्थ विचारा. पहिली-दुसरीत लेखी परीक्षेपेक्षा रोजच्या निरीक्षणाला जास्त वजन आहे, मग बाईंनी काय पाहिलं ते विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आपल्या लहान गावांत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात, चार-पाच वर्ग त्यांनीच सांभाळायचे. तिथं पहिलीकडं दिवसातून किती वेळ बाई बसतात, हेही विचारा. भांडायला जायचं नाही, पण अमकं अक्षर येत नाही, वेलांटीला अडते, असं नेमकं सांगितलं की शिक्षकालाही टाळता येत नाही. नुसतं 'काही येत नाही' म्हटलं की तो 'घरी अभ्यास घ्या' म्हणतो आणि विषय संपतो.

शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानं पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्या गावच्या समितीत कोण बायका आहेत ठाऊक आहे का? कितीदा रजिस्टरच घरी येतं सहीला. आपण शेतातून आलेलो असतो, हात पुसतो, सही करतो किंवा अंगठा देतो. बैठकीला काय ठरलं? बैठकच झालेली नसते. पुढच्या वेळी रजिस्टर घरी आलं तर सांगा, मी बैठकीलाच येऊन सही करीन.

त्या दिवशीच्या बाईचं सांगायचं राहिलं. तिला मी म्हटलं, कर्जाचा अर्ज आठ दिवस थांबव आणि चिंचोके घेऊन बस. आठ दिवसांनी ती आली. पोरगी झाकलेले चिंचोके बरोबर सांगत होती. वीसपर्यंत गठ्ठे बांधत होती. बिस्किटाच्या पुड्यावरचा एकही शब्द मात्र तिला आला नाही, शिकवलेल्या अक्षरांचासुद्धा. म्हणजे गणित चाललं होतं आणि वाचन थांबलं होतं. आई शाळेत गेली. कळलं की आधीच्या बाईंची बदली झाली होती आणि नव्या बाई चौथीच्या वर्गातच गुंतल्या होत्या. दोघींचं बोलणं झालं. आता रोज सकाळचा पहिला तास पहिलीचा ठरलाय.

तालुक्याच्या त्या शाळेतही ती जाऊन आली. मीच सांगितलं होतं, फी भरण्याआधी तिथल्या पहिलीतल्या एखाद्या लेकराला चिंचोके झाकून विचार. तिला वर्गात जाऊ दिलं नाही. अर्ज अजून तिच्याकडंच आहे, दिवाळीनंतर ठरवते म्हणाली.

पुढच्या बुधवारी अंगणवाडीच्या ताई येणार आहेत, पाच वर्षांच्या आतल्या लेकरांबद्दल बोलायला. काही विचारायचं असेल तर चिठ्ठी लिहून केंद्रावर द्या, लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या.